बाबांच्या बीबीसी मायक्रोच्या फ्लॉप्या आजच्या लॅपटॉपवर कशा आणायच्या?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाबा शाळेत गणित शिकवायचे, शाळेत सरकारच्या क्लास नावाच्या कॉम्प्युटर प्रकल्पातले बीबीसीचे कॉम्प्युटर होते, आता चिपळूणच्या घरी माळा आवरताना सव्वापाच इंची चौदा फ्लॉप्या सापडल्यात, काहींवर पांढरे ठिपके आहेत, आणि यातलं काही वाचता येईल का आणि त्यासाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवू का. मी गेली बारा-तेरा वर्षं हौसेने आणि मधूनमधून पैसे घेऊन हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिलं उत्तर, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मागवू नका. ऑनलाइन मिळतात ते सगळे साडेतीन इंचीचे, तुमची फ्लॉपी त्यात शिरणारसुद्धा नाही. दुसरं, कुणा ओळखीच्याकडे जुना पीसी आणि सव्वापाचचा ड्राइव्ह असेल आणि तो म्हणाला "आण, बघू टाकून", तर नको म्हणा. ते पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणातली हवा आणि तीस-पस्तीस पावसाळे, दुसरं काय होणार. फ्लॉपीत ड्राइव्हचं हेड चकतीला खरोखर टेकलेलं असतं, हार्ड डिस्कसारखं तरंगत नाही, त्यामुळे बुरशी आधी हेडला चिकटते आणि मग तेच घाणेरडं हेड चकतीवरचा तपकिरी थर खरवडत फिरतं. थर गेला की डेटा गेला, कुठलं सॉफ्टवेअर तो परत आणत नाही. मी हे स्वतः करून बसलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका सरांची डिस्क नुसती पुसून ड्राइव्हला लावली, कर्रर्र असा बारीक आवाज आला, मला वाटलं जुना ड्राइव्ह आहे, येतो आवाज. काढून बघितलं तर चकतीवर आरपार दिसेल अशी एक गोल रेघ. त्यानंतर आवाज आला की पुढचा विचार न करता दार उघडून डिस्क बाहेर काढायची हा माझा नियम झालाय.

म्हणून माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती फिरते, डिस्क एकदाच वाचायची आणि ती फाईल म्हणून नाही तर सिग्नल म्हणून वाचायची. हे काय ते पुढे सांगतो, आधी तुमच्या हातात नक्की काय आहे ते.

बीबीसी मायक्रो केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणला, ६५०२ प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्झ, ३२ केबी रॅम. आपल्याकडे १९८४-८५ ला केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास प्रकल्प काढला तेव्हा हाच निवडला आणि पहिल्या फेरीत साधारण अडीचशे शाळांत तो गेला. बऱ्याच जणांना त्या शाळेतल्या एसी खोलीची आणि बाहेर काढून ठेवलेल्या चपलांचीच आठवण जास्त असते. या मशीनची डिस्क पीसीच्या डिस्कसारखी नसते. बीबीसीची साधी डीएफएस डिस्क (डीएफएस म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायची बीबीसीची पद्धत) एफएम पद्धतीने लिहिलेली असते, म्हणजे सिंगल डेन्सिटी, एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल वाटेवर, दहा सेक्टर म्हणजे तुकडे, प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा. चाळीस ट्रॅकची असेल तर एका बाजूला १०० केबी, ऐंशीची असेल तर २०० केबी. पीसी एमएफएमवाला, म्हणजे त्याच जागेत दुप्पट डेटा बसवणाऱ्या पद्धतीचा. पीसीच्या बऱ्याचशा फ्लॉपी कंट्रोलरना एफएम वाचताच येत नाही, त्यामुळे जुना पीसी चालू स्थितीत मिळाला तरी त्याला तुमची डिस्क कोरीच दिसायची शक्यता जास्त. विंडोज विचारेल फॉरमॅट करू का. तिथे हो दाबून रडलेली माणसं मी पाहिलीत.

आता सफाई. सगळ्यात आधी प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बाबांच्या हातचं पेन्सिलने लिहिलेलं काही असेल तर ते पुसलं जाण्याआधी. मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस ठेवा. पापडासारख्या उन्हात वाळत घालू नका हो, जॅकेट वाकडं होतं आणि मग चकती आत फिरत नाही. बुरशी वाळली की तोंडाला मास्क लावून, खिडकीपाशी बसून, मधल्या भोकात दोन बोटं घालून चकती हळूहळू फिरवत त्या लांबट खिडकीतून दिसणारा भाग बघत जायचा. दोनचार ठिपके असतील तर लिंट न सोडणाऱ्या कापडाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, दोन्ही बाजू, आणि आधी कडेला थोडंसं लावून बघा की कापडाला तपकिरी रंग लागतोय का. लागला तर थांबा, तो थर निघतोय. मोबाईल रिपेअरवाल्यांकडे हे अल्कोहोल मिळतं, सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन न् वास असतो.

बुरशी सगळीकडे असेल तर जॅकेट उघडावं लागतं. वरची कड ब्लेडने अलगद कापायची, आतली चकती कडेला धरून बाहेर काढायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब टाकून धुवायची, साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत विसळायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि दुसऱ्या एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीच्या स्वच्छ जॅकेटमध्ये घालायची. मूळ जॅकेटच्या आतल्या अस्तरात बुरशी असतेच म्हणून तेच परत वापरायचं नाही. ऐकायला भयंकर वाटतं पण पाण्याने मॅग्नेटिक डेटा जात नाही. कुठली बाजू वर होती ते मात्र चकतीच्या मधल्या भागावर मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर उलटी घालाल आणि मग डोकं खाजवत बसाल.

आणि हो, नॉच बंद करा. सव्वापाचच्या फ्लॉपीला उजव्या कडेला चौकोनी खाच असते, ती उघडी असेल तर डिस्कवर लिहिता येतं, झाकली तर येत नाही, साडेतीनच्या बरोब्बर उलटं. साधी सेलोटेप लावू नका कारण बरेच ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतात, पारदर्शक टेपमधून उजेड आरपार जातो. वायरमनची काळी टेप लावा.

आता वाचायचं कशाने. मी ग्रीझवीझल वापरतो, किअर फ्रेझर या माणसाने बनवलेला छोटासा ओपन सोर्स बोर्ड आहे, एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला ३४ पिनांची फ्लॉपीची केबल. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो पण आहेत, काम सगळे तेच करतात, पण ग्रीझवीझल त्या मानाने स्वस्त आहे. बाहेरून मागवावा लागला तर वर ड्युटी लागते हे धरून चाला. ही सगळी मंडळी सेक्टर, फाईल वगैरे काही बघत नाहीत, चकती फिरताना मॅग्नेटिक दिशा किती किती वेळाने बदलते तेवढंच मोजतात आणि ते आकडे जसेच्या तसे लिहून ठेवतात. याला फ्लक्स म्हणतात. २०० केबीच्या डिस्कची फ्लक्स फाईल कित्येक एमबीची होते, होऊ दे. फायदा असा की एफएम आहे का एमएफएम, चाळीस ट्रॅक का ऐंशी, हे सगळं नंतर निवांत बसून ठरवता येतं, डिस्क परत ड्राइव्हमध्ये घालावी लागत नाही. एकदाच वाचायची म्हणालो ते हेच. मी प्रत्येक ट्रॅकचे निदान तीन, आणि डिस्क खराब असेल तर पाच फेरे घेतो, कारण एका फेऱ्यात न वाचलेला सेक्टर दुसऱ्यात बरेचदा निघतो.

ड्राइव्ह लागेल सव्वापाचचा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी, नशिबात असेल तर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पूर्वी मिळायचे, आता भंगारवाल्यांनाच विचारावं लागतं. मिळेल तो बहुतेक पीसीचा १.२ एमबीवाला असेल, तो चालतो. तो मिनिटाला ३६० फेरे फिरतो आणि बीबीसीचा मूळ ड्राइव्ह ३००, पण फ्लक्समधून हे गणित सॉफ्टवेअर जुळवून घेतं. याला बारा व्होल्टही लागतात, म्हणजे यूएसबीच्या पाच व्होल्टवर साडेतीनवाल्यासारखं भागत नाही, जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय किंवा हार्ड डिस्कबरोबर येणारा चार पिनांचा अडॅप्टर घ्या. आणि ड्राइव्हला मागे ती पट्टीवर चढणारी रुंद कनेक्टरवाली केबल लागते, साडेतीनची पिनवाली बसत नाही. ड्राइव्ह आणल्यावर आधी हेड अल्कोहोलने पुसा, मग बिनमहत्त्वाची फ्लॉपी वाचून बघा, मगच बाबांची. आणि प्रत्येक डिस्कनंतर हेड परत पुसायचं, चौदा डिस्क म्हणजे चौदा वेळा, कंटाळा करू नका.

चाळीस ट्रॅकची डिस्क ऐंशी ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेड एकाऐवजी दोन-दोन पावलं सरकवावं लागतं. पण तुम्हाला आधी माहीत नसणार कुठली आहे, म्हणून ऐंशीच्या ऐंशी ट्रॅक वाचून घ्या आणि नंतर बघा. दोन्ही बाजू वाचायच्याच, लेबलावर काहीही लिहिलेलं असो. डीएफएसमध्ये दुहेरी ड्राइव्हची दुसरी बाजू म्हणजे वेगळा ड्राइव्ह, नंबर दोन, वेगळ्या यादीसकट, त्यामुळे लोक तिकडे काहीतरी कॉपी करायचे आणि विसरून जायचे. मला सापडलेल्या चांगल्या गोष्टींपैकी निम्म्या दुसऱ्या बाजूला होत्या. डाव्या कडेलाही कुणी कात्रीने खाच पाडली असेल तर ती डिस्क उलटी करून वापरलेली आहे, मग तीही उलटी घालून परत वाचा.

फ्लक्स मिळाला की त्याच सॉफ्टवेअरने त्याची एसएसडी नावाची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलीतली प्रत, करायची, दुहेरी असेल तर डीएसडी. या एसएसडीचा नव्या हार्ड डिस्कशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. इमेज करताना कुठले सेक्टर वाचले नाहीत ते स्क्रीनवर दिसतं. प्रत्येक सेक्टरला स्वतःचा पडताळणीचा आकडा जोडलेला असतो त्यामुळे चूक असेल तर कळते, गुपचूप चुकीचा डेटा सहसा येत नाही.

आता डीएफएसची यादी कशी असते ते सांगतो कारण ती मला फार आवडते. अख्खी यादी पहिल्या दोन सेक्टरांत. पहिल्यात सुरुवातीचे आठ बाइट डिस्कचं नाव, मग प्रत्येक फाईलला आठ बाइट, सात अक्षरी नाव आणि एक अक्षर डिरेक्टरीचं. २५६ मधून आठ गेले की २४८, भागिले आठ म्हणजे ३१, म्हणून एका बाजूला ३१ च्या वर फाईली ठेवताच येत नाहीत, मग डिस्क अर्धी रिकामी असली तरी. दुसऱ्या सेक्टरात प्रत्येक फाईलचा लोड पत्ता (ती मेमरीत कुठे ठेवायची), एक्झिक्युशन पत्ता (कुठून चालवायला सुरुवात करायची), लांबी आणि ती कुठल्या सेक्टरपासून सुरू होते ते. डिस्कवर एकूण सेक्टर किती हेही तिथेच असतं, ४०० असेल तर चाळीस ट्रॅकची, ८०० असेल तर ऐंशीची. झालं, तुमचं मघाचं कोडं सुटलं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फाईल नुसती ओढून लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये टाकली तर ते पत्ते हरवतात, आणि मशीन कोडचा प्रोग्रॅम असेल तर पत्त्याशिवाय तो परत चालवता येत नाही. म्हणून फाईली सुट्या काढल्या तरी इमेज कधीच फेकू नका. पत्त्यावरून फाईल कसली तेही कळतं, लोड १९०० आणि एक्झिक्युशन ८०२३ दिसलं की तो बेसिकचा प्रोग्रॅम आहे समजा, बाबांच्या बहुतेक फाईली अशाच असतील. दुसरी, फाईल डिलीट केली की यादीतली नोंद जाते पण सेक्टरातला मजकूर तसाच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे यादीत पाच फाईली दिसल्या तरी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईल बाइट-बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अख्खी इमेज वरून खाली चाळा. मी एकदा एका मास्तरांच्या डिस्कवर दहावीच्या घटक चाचणीचे मार्क शोधत होतो, ते सापडले नाहीत, पण पुसलेल्या भागात त्याच प्रोग्रॅमच्या आधीच्या तीन आवृत्त्या सापडल्या, एकात सरासरी काढायचं सूत्र चुकलेलं, पुढच्यात दुरुस्त केलेलं. मार्कांपेक्षा तेच त्यांच्या मुलाला जास्त आवडलं.

बेसिकची फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसेल, घाबरू नका. प्रिंट, गोटो असे शब्द जागा वाचवायला एका-एका बाइटच्या खुणा करून साठवलेले असतात. सोपा मार्ग म्हणजे एम्युलेटर, लॅपटॉपवर बीबीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम. बीबएम डाउनलोड करा किंवा जेएसबीब ब्राउझरमध्येच चालतो, इमेज त्यात टाका, स्टार कॅट (*CAT) टाइप केलं की यादी, लोड करून लिस्ट दिलं की प्रोग्रॅम डोळ्यासमोर. चेन दिलं की चालतोच. लिस्टिंग टेक्स्ट म्हणून हवी असेल तर स्टार स्पूल आणि फाईलचं नाव द्या, लिस्ट करा, मग नुसतं स्टार स्पूल देऊन बंद करा. साध्या मजकुराच्या फाईली, म्हणजे वर्डवाइज किंवा व्ह्यूमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते थेट वाचता येतं, फक्त बीबीसी ओळीच्या शेवटी एकच कॅरेज रिटर्न टाकतो त्यामुळे काही एडिटरमध्ये सगळं एका लांबलचक ओळीत दिसतं, एडिटरला ओळींचा प्रकार बदलायला सांगितलं की झालं.

तुम्ही शेवटी विचारलंय की शाळेच्या अडगळीत एक मशीन अजून आहे, ते चालू करून त्यावरूनच फाईली घेता येतील का. येतील, पण आधी ते प्लगला लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पिवळट पारदर्शक कवचाचे फिल्टर कपॅसिटर असतात, कवचाला तडे जाऊन दमट हवा आत शिरते आणि चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांत फट्ट करून खोलीभर धूर. मशीन बहुतेक वेळा वाचतं पण शाळा परत आत घेणार नाही. चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून ते बदलून घ्या, खर्च फार नाही. मग मागे आरएस ४२३ चं पोर्ट आहे त्यातून सिरियल केबलने ९६०० च्या वेगाने लॅपटॉपला डेटा पाठवता येतो, स्टार एफएक्स ७ आणि ८ ने वेग ठरवायचा, एफएक्स ३ ने आउटपुट तिकडे वळवायचा आणि लॅपटॉपवर टर्मिनल प्रोग्रॅमने पकडायचं. यूएसबी सिरियल केबल खरी आरएस २३२ वाली घ्या, अर्डुइनोसाठी मिळते ती पाच व्होल्टवाली थेट जोडू नका. आणि त्या पोर्टच्या पाच पिना लुडोच्या फाशावरच्या पाचसारख्या आहेत, चार कोपऱ्यात एक मधे, त्यामुळे प्लग उलटाही तितकाच छान बसतो. मी एक अख्खा रविवार केबल खराब आहे समजून घालवला होता. लिस्टिंग घ्यायला हा रस्ता ठीक आहे, पण यात डिस्क बीबीसीच्या जुन्या ड्राइव्हमधून परत परत वाचली जाते, म्हणून बुरशीवाल्या डिस्कसाठी मी हा वापरणार नाही.

उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपवरून त्या मशीनवर, तर खऱ्या फ्लॉपीच्या नादी लागू नका. गोटेक नावाचा फ्लॉपी एम्युलेटर घ्या, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, टाका, पेनड्राइव्हवर एसएसडी फाईली ठेवा, बीबीसीला वाटतं फ्लॉपीच घातलीय. सेटिंगच्या फाईलमध्ये होस्ट म्हणून एकॉर्न लिहायला विसरू नका. बीबीसीत फ्लॉपीचा कंट्रोलरच बसवलेला नसेल तर युजर पोर्टला एसडी कार्ड लावायची सोय मिळते, त्यासाठी मशीनमध्ये रॉमची चिप टाकावी लागते. खरी फ्लॉपीच लिहायचा हट्ट असेल तर डबल डेन्सिटीचीच घ्या, पीसीच्या १.२ एमबीवाल्या हाय डेन्सिटी फ्लॉपीचा थर वेगळा असतो, आज लिहिलेलं उद्या वाचेल याचा भरवसा नाही. आणि बाबांच्या चौदांपैकी एकीवरही लिहू नका, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

हे सगळं घरी जमणार नाही असं वाटलं तर निदान सिलिका जेलपर्यंतचं काम करा आणि ज्याच्याकडे फ्लक्स वाचायचं यंत्र आहे अशा कुणाकडे द्या, फक्त त्याला आधी विचारा की फ्लक्स फाईल पण देणार का. नुसत्या "फाईली काढून देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

आणि एक. लिस्टिंग वाचताना व्हीडीयू २३ ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात का बघा. बीबीसीला मराठी येत नव्हतं, पण या कमांडने आठ बाय आठ ठिपक्यांचं स्वतःचं अक्षर काढता यायचं, २२४ ते २५५ अशी बत्तीस अक्षरं सहज मिळायची, देवनागरीला ती कुठे पुरणार, तरी त्या काळी काही मास्तरांनी वहीत चौकोन आखून अ-आ-इ काढलेली मी पाहिलीत. कमांडनंतर आधी अक्षराचा नंबर आणि मग आठ आकडे येतात, वरच्या रांगेपासून खाली. त्या आठातला पहिला आकडा ओळीमागून ओळ २५५ असेल, म्हणजे वरच्या रांगेतले आठही ठिपके भरलेले, तर ती शिरोरेषा आहे.